स्टॉकटनचा लाइल बेटनकोर्ट

स्टॉकटनला गुलाबांची रोपं उतरवून झाली आणि ट्रकमध्ये चढता चढता लाइल बेटनकोर्टला समोरच्या लाकडी कुंपणावर स्वतःचं नाव दिसलं. नारिंगी कागदावर जांभळी, वितळत खाली ओघळणारी अक्षरं. खाली बँडचं नाव, सॉल्ट ऑर्चर्ड. त्याखाली जत्रेच्या मैदानावरचा हॉल, येता रविवार, दुपारी. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं त्यानं आधी नजर काढून घेतली. स्वतःच्या हातांकडे पाहिलं, नखांतली माती पाहिली, मनातल्या मनात म्हणाला, ही माती, हा ट्रक, हे ऊन. मग पुन्हा कुंपणाकडे पाहिलं. नाव तिथंच होतं. पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. अक्षरांनी त्याला यापूर्वीही दगा दिला होता. औषधाच्या बाटलीवरून उतरून ती त्याच्या मनगटावर चढली होती, वर्तमानपत्रात त्याच्याविषयी कुजबुजली होती. म्हणून तो ट्रकमध्ये बसला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मिस्टर हमादा, ते तिथं काय लिहिलंय हो? उन्हात अक्षर लागत नाही." हमादांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. नर्सरी त्यांची होती, आणि लाइलला त्यांनी फारसे प्रश्न न विचारता कामावर घेतलं होतं. "काहीतरी गाण्याबिण्याचं दिसतंय," ते म्हणाले. "अक्षरं आहेत का पातळ झालेलं आइस्क्रीम? लाइल... बेटन... अरे, हे तर तुझंच नाव." मग ते हसले. "रविवारी तुला सुट्टीच असते, लाइल. चोरून कशाला गायचं?"

पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. अक्षरं बाहेर होती, दुसऱ्या माणसालाही दिसत होती, म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. ट्रक ऑकलंडच्या रस्त्याला लागला, दोन्ही बाजूंनी टोमॅटोची कापलेली शेतं मागे जायला लागली, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हे जास्त वाईट आहे. अक्षरं डोक्यातली असती तर एक गोळी जास्त घेऊन भागलं असतं. ती बाहेर होती, म्हणजे ती कुणीतरी लिहिली होती, छापली होती, खळ लावून चिकटवली होती. दोन वर्षं तो कुठं गायला नव्हता. गिटारला हातसुद्धा लावला नव्हता. आणि कुणालातरी पक्कं ठाऊक होतं की येत्या रविवारी लाइल बेटनकोर्ट स्टॉकटनला गाणार आहे.

तो सॅन होजेजवळच्या आलुबुखाराच्या बागांमधला. बाप पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेला, आईही तिकडचीच. कॉफीच्या दुकानांतून गायला लागला तेव्हा त्याच्याजवळ बागांचीच गाणी होती. झाडाखाली गुडघ्यांवर रांगत फळं वेचणाऱ्या बाया, उन्हात मांडलेले लाकडी ट्रे, धुळीत अडकलेला संध्याकाळचा उजेड. रस केमरर नावाचा उंच, शांत मुलगा त्याच्याबरोबर बास गिटार वाजवायला लागला, आणि रसनंच त्या साध्या गाण्यांना पंख लावले. आवाजाच्या मागे आवाज, उलटी फिरवलेली टेप, मिनिटंच्या मिनिटं लांबत जाणारा एकच सूर. सॅन फ्रान्सिस्कोच्या नाचघरांत लोक जमिनीवर उताणे पडून त्यांना ऐकायचे, आणि भिंतींवर दिव्याच्या झोतात रंगीत तेलाचे गोळे फुगायचे, फुटायचे. दोन रेकॉर्ड निघाल्या. साखरेच्या खड्यावरचा एलएसडीचा थेंब लाइलनं पहिल्यांदा चाखला तेव्हा सगळ्या जगाची दारं आतून उघडल्यासारखी वाटली होती. प्रत्येक झाड आपल्या बाजूचं होतं. पुढे पुढे दारं उघडीच राहायला लागली आणि त्यांतून नको ती माणसं आत यायला लागली. समोर बसलेल्या हजार चेहऱ्यांना आपल्याविषयी काहीतरी माहीत आहे आणि ते आपल्याला सांगत नाहीत, असं त्याला वाटायचं. सिॲटलला गाण्याच्या मध्येच त्यानं गिटार हळूच खाली ठेवली, कारण त्याची खात्री पटली होती की ती आपलं ऐकतेय, आणि ऐकलेलं नंतर कुणालातरी सांगतेय. त्यानंतर डोंगरापलीकडचं सरकारी इस्पितळ. तिथं विजेचे झटके दिले. त्या हिवाळ्याच्या जागी आता त्याच्याकडे नुसता पांढरा डाग होता. कधी मोजे हरवलेले आठवायचे, कधी उकडलेल्या वाटाण्याचा वास, पण माणूस एकही नाही. वसंतात मोठी बहीण डेल्फिना गाडी घेऊन आली आणि त्याला ऑकलंडच्या आपल्या घरी घेऊन गेली.

आता ओट्याशी उभ्या असलेल्या डेल्फिनाच्या पाठीकडे बघत तो विचार करत होता की ही कधीपासून पाठ फिरवून बोलायला लागली. ती एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायच्या कामाला होती आणि घरीसुद्धा फोन वाजला की तीच आधी उठायची. बोलताना भिंतीकडे वळायची. आजवर त्याला वाटायचं, तिची सवय. आता वाटायला लागलं की सवय म्हणून माणूस काय काय लपवू शकतो. घरात त्याची गिटार नव्हती. ती कुठं आहे हे त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. त्याच्या नावावर आलेलं टपाल ती कुठं ठेवायची? येतच नव्हतं, की आलेलं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं? त्याचं नाव कुणाला वापरायला दिलं असेल तर ते देणारी माणसं दोनच. एक रस, एक ही. तिनं सॉसेज घातलेलं कोबीचं सूप त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारा माणूस सुपात भुवया बुडवून बसत नाही."

"स्टॉकटनला आपलं कोणी आहे का ग?" त्यानं विचारलं आणि तिच्या चमच्याकडे बघत राहिला. चमचा थांबला असता तर त्याला कळलं असतं. चमचा थांबला नाही. ती म्हणाली, बाबांचा एक चुलतभाऊ होता, गाईंचा गोठा होता त्याचा, वारला. आणि तिनं पाव मोडला. तिचं हे न थांबणंच लाइलला जास्त खटकलं. स्टॉकटन का, असं तिनं विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कोपऱ्यावरच्या बूथमधून रसला फोन लावला. रस आता लॉस एंजेलिसला जाहिरातींसाठी संगीत करत होता. आवाज ऐकून तो इतका वेळ गप्प राहिला की लाइलला वाटलं, त्यानं फोनवर हात ठेवून कुणालातरी बोलावलंय. मग रस बोलला, फार प्रेमानं बोलला. पोस्टरचं ऐकल्यावर म्हणाला की असं कसं होईल, बँड आहेच कुठं. आणि मग हळूच विचारलं, "लाइल, डॉक्टरांकडे जातोस ना वेळच्या वेळी?" रिसीव्हर ठेवल्यावरही तो बराच वेळ बूथमध्ये उभा राहिला. निर्दोष माणसानं हेच विचारलं असतं. दोषी माणसानंही हेच विचारलं असतं. ज्याला एकदा वेड लागलं त्याच्याशी दोन्ही माणसं एकाच आवाजात बोलतात. मग त्यानं कान लावून काय ओळखायचं?

रविवारी हमादांकडे काम निघालंय असं डेल्फिनाला सांगून तो बसनं स्टॉकटनला गेला. मैदानावरच्या त्या हॉलमध्ये एरवी गुरांची प्रदर्शनं भरत. भुसा झाडून काढला होता, तरी वास गेला नव्हता. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरपं आत येत होतं. आपल्याला कुणीतरी ओळखेल, बोट दाखवेल, हाक मारेल, या भीतीनं तो टोपी कपाळावर ओढून रांगेत उभा होता. दारातल्या मुलीनं त्याच्या हातावर शिक्का मारला. तिच्या दंडावर सॉल्ट ऑर्चर्डच्या पहिल्या रेकॉर्डवरचं झाड रंगवलेलं होतं. तिनं त्याचे बारीक कापलेले केस आणि सुटलेलं पोट पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "मुलीला सोडायला आलात का? मोठी माणसं मागच्या बाकांवर बसली तरी चालतं." तो बत्तीस वर्षांचा होता. मागच्या बाकावर जाऊन बसला. कुणी ओळखणार नाही याचा सुटकेचा निःश्वास टाकावा, तर तेही होईना. म्हणजे हेही आधीच ठरलेलं होतं. आधी त्याचा चेहरा काढून घेतला असणार, आणि मगच नाव.

लाइल बेटनकोर्ट मंचावर आला. सडपातळ, खांद्यापर्यंत केस, रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या फोटोत होता तसला हिरवा मखमली कोट. चेहरा मुळीच सारखा नव्हता, नाक आखूड, हनुवटी रुंद. पण त्या फोटोत चेहरा धुरातच होता, आणि धुरातल्या माणसाला हनुवटी नसते. बरोबर ड्रम वाजवणारा एक आणि बासवाला एक, दोघंही परके. पहिलं गाणं सुरू झालं. माणूस चांगला गात होता. जिथं लाइलचा सूर नेहमी किंचित खाली घसरायचा तिथं हाही घसरत होता, पण जाणून घसरत होता, आणि म्हणून ते सुंदर वाटत होतं. पोरी डोळे मिटून डोलत होत्या. लाइलला वाटलं, आता मी उठून ओरडलो, तर हे सगळे मान वळवून माझ्याकडे बघतील, आणि त्यांच्या डोळ्यांत जी कीव असेल ती मी ओळखतो. इस्पितळातल्या दारांना असलेल्या काचेच्या चौकोनातून ती आत यायची. क्षणभर त्याला असंही वाटून गेलं की कदाचित तोच खरा असेल. आपण नर्सरीत काम करणारा एक माणूस, ज्याला झटके देताना चुकून दुसऱ्याच्या आठवणी चिकटल्या.

तिसऱ्या गाण्यानंतर मंचावरच्या माणसानं लोकांकडे पाठ केली आणि तो तारा लावायला लागला. सगळ्यात जाड तार त्यानं सैल करून सुरात खाली उतरवली, मग मधली एक उतरवली, मग कानाशी धरून पुन्हा जाड तार, केसभर आणखी खाली. लाइलचे हात मांडीवर आपोआप वळले. तारांची ही जुळणी लाइलची स्वतःची होती. ती त्यानं रसलाही दाखवली नव्हती. तारा लावताना लाइलही नेहमी लोकांकडे पाठ फिरवायचा, आणि लोक म्हणायचे, लाजतो. आणि त्या तारांवर माणूस जे गाणं गायला लागला ते कुठल्याच रेकॉर्डवर नव्हतं. इस्पितळात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात लाइलनं ते रचलं होतं आणि कुणापुढेही म्हटलं नव्हतं. रस संशयातून सुटला, डेल्फिनाही सुटली, ज्यांच्यावर संशय घ्यावा अशी माणसंच संपली. झाडं हलवू नका, फळ आपण होऊन पडतं, माणूस गात होता, पडलेलं वेचायला आपण जन्मलो. पहिलं कडवं लाइलचं होतं, शब्द न् शब्द. दुसरंही. मग तिसरं आलं, आणि ते त्यानं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

आई गुडघ्यांवर, झाडाखालून झाडाखाली,
आणि तिचं गाणं तिच्या पुढे चाललेलं.
ती थांबली तरी गाणं थांबलं नाही,
ते अजून वेचतंय, अजून वेचतंय.

कार्यक्रम संपला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. हॉलच्या मागे एका व्हॅनच्या मागच्या दारात तो माणूस कोट काढून बसला होता आणि पीच खात होता. लाइल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. बसमध्ये त्यानं बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. तो म्हणाला, "मी लाइल बेटनकोर्ट."

माणसानं तोंडातला घास संपवला. "या," तो म्हणाला, "मोडेस्टोच्या कार्यक्रमालाही असंच सांगणारा एक जण आला होता. त्याला तर मिशा होत्या. सही हवी असेल तर देतो, भांडण नको, आम्हाला निघायचंय." मग त्याची नजर लाइलच्या हातांवर गेली. उजव्या हाताची बोटं अजून मघाच्या गाण्याच्या चालीत एकामागून एक हलत होती. माणूस सावकाश उठून उभा राहिला. पीच त्याच्या हातातच राहिलं. "देवा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "केस कापले त्यांनी तुझे."

त्याचं नाव वेंडेल प्रुइट. इस्पितळात खिडकीजवळची खाट लाइलची, त्याच्या शेजारची आपली, असं त्यानं सांगितलं. बसायच्या खोलीत एक तार तुटलेली गिटार होती, तिच्यावर लाइलनं त्याला संबंध हिवाळाभर शिकवलं. आधी सूर, मग ती जुळणी, मग एकेक गाणं. लाइल भिंतीवरच्या घड्याळाला भ्यायचा, वाटाणे रुमालात लपवायचा. वेंडेल बोलत होता आणि लाइल त्याच्या ओठांकडे बघत होता. घड्याळ आणि वाटाणे कुठल्याही परिचारकानं सांगितले असते. पैसे चारून फाईल वाचता येते. जुळणी मात्र कुठल्या फाईलमध्ये नव्हती.

"मी तुला शिकवलं," लाइल म्हणाला, "आणि मला तुझं तोंडही आठवत नाही."

"झटक्यांच्या आदल्या दिवशी सांगितलंस. म्हणालास, उद्या हे लोक मला पुसणार. मला हा लाइल आता उचलवत नाही, तू घे."

"आणि तू घेतलास."

"तू कुठं काही करत होतास त्याचं?" वेंडेलच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "दोन वर्षं वाट बघितली मी. रेडिओवर कान लावून बसायचो. वाटलं, मेलास. मेलेल्या माणसाची गाणी कुणीतरी म्हणायलाच हवीत ना?"

ते खरं असेल. ते फार नीट बसवलेलं खोटंही असेल. त्या पांढऱ्या डागावर कुणी काहीही लिहावं आणि त्यानं सही करावी, अशी आता त्याची अवस्था होती. त्याला एकदम शेवटचं कडवं आठवलं आणि धरायला काठी सापडल्यासारखं झालं.

"तिसरं कडवं कुणाचं?"

"तुझंच."

"नाही. माझी आई कधी गायची नाही. कामात नाही, घरात नाही, चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ मिटून उभी राहायची. माझ्या गाण्यात गाणारी आई येणारच नाही. ती तुझी असेल."

वेंडेलनं हातातल्या पीचकडे पाहिलं. मग म्हणाला की त्याची आई तो लहान असतानाच गेली, ती गायची की नाही हे त्याला सांगणारं कोणीच नाही. "तू जसं शिकवलंस तसं म्हणतो. एक अक्षर बदललेलं नाही. बदलायला मला येतही नाही."

लाइलनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं. खोटं कुठून सुरू होतं ती जागा त्याला सापडली होती. या माणसानं पोरकेपणातून स्वतःसाठी एक आई रचली होती आणि ती लाइलच्या बागेत आणून सोडली होती. त्याचा राग येईना. उलट त्या कडव्यापुढे आपली दोन कडवी कोरडी वाटली, आणि ते कबूल करणं परक्याच्या कडव्याबद्दल सोपं होतं.

"नाव सोड," तो म्हणाला. "आजपासून. पुढचे कार्यक्रम लागले असतील तर ते रद्द कर, नाहीतर स्वतःच्या नावानं कर. ते गाणं ठेव तू."

"वेंडेल प्रुइटला ऐकायला कोण येणार?"

"ते तुझं तू बघ."

"रेकॉर्ड केलं तर? माझं म्हणून?"

लाइलनं क्षणभर विचार केला. "तुझं म्हणून," तो म्हणाला. वेंडेलनं हात पुढे केला. पीचच्या रसानं तो चिकट झाला होता. त्या हाताची बोटं तारांनी कठीण झालेली होती, आणि स्वतःची मऊ पडलेली बोटं लाइलनं घाईनं मागे घेतली.

परतीच्या बसमध्ये त्याला शांत झोप लागली. घरी आला तेव्हा अजून उजेड होता. डेल्फिना स्वयंपाकघरात शेंगांच्या शिरा काढत बसली होती. हमादांचा फोन आला होता, ती म्हणाली, कुंड्यांबद्दल विचारत होते, आणि तू तर त्यांच्याकडेच कामाला गेला होतास ना. एवढंच बोलून ती थांबली. तिनं पुढे विचारलं नाही. पण आज तिच्या न विचारण्यात त्याला पहिल्यांदाच भीती दिसली, त्याच्याविषयीची. कदाचित ती रोजच असायची. तो समोर बसला, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सगळं सांगितलं. पोस्टर, रस, बस, वेंडेल. तिच्यावर आठवडाभर पाळत ठेवली होती, तेही. ती मधूनमधून मान हलवत होती. नाव सोडवून घेतलं याचं तिला बरं वाटलं. गाणं का दिलंस, असं तिनं विचारलं.

"त्यात त्यानं आपलं कडवं घुसवलंय. आई वेचता वेचता गातेय असं. आपली आई कधी गायली का?"

डेल्फिनाचे हात थांबले.

"हे त्याला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"गायची ती," डेल्फिना म्हणाली. "आलुबुखाराच्या दिवसांत दिवसभर गायची. रांगेतल्या बाया तिच्यामागून जायच्या, गाणं ऐकू यावं म्हणून. तुला ट्रेवर निजवून ट्रे पुढे सरकवत न्यायची. मग आपली बहीण इस्टेल गेली तापानं, आणि त्यानंतर नाही. तू नुकता चालायला लागला होतास. आम्ही त्यावर घरात कधी बोललोच नाही. बाबा बोलू द्यायचे नाहीत." तिनं त्याच्याकडे पाहिलं, लपवून ठेवलेलं काही पकडलं गेल्यावर माणूस पाहतो तसं. "लाइल, हे बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारणच नाही."

 इतके दिवस जो संशय दुसऱ्यांकडे बघत होता तो आता फिरून लाइलसमोर येऊन बसला होता. इस्पितळातल्या हिवाळ्यातला तो लाइल, ज्याला आताच्या लाइलहून जास्त आठवत होतं, जो त्याच्या आत खाली कुठंतरी ट्रेवर निजून ऐकत होता, तो कोण होता, आणि जाताना त्यानं जे मागे ठेवलं ते आपण आज दुपारी उन्हात उभं राहून एका अनोळखी माणसाला देऊन टाकलं. परत मागता येणार नव्हतं. मागायचं ठरवलं, तरी काय म्हणून मागायचं?

"कसं आहे ते कडवं?" डेल्फिनानं विचारलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्यानं ते फक्त एकदा ऐकलं होतं. शब्द आठवतील की नाही याची त्याला खात्री नव्हती, आणि आवाज तर दोन वर्षांत कुणी वापरलेलाच नव्हता. त्यानं शेंगा बाजूला सारल्या. सुरुवात फार खाली लागली, पहिली ओळ नुसती खरखरली. दुसऱ्या ओळीला तो सूर घसरायच्या जागेपाशी आला आणि घसरला, कुणाचा म्हणून घसरला ते त्याला सांगता आलं नसतं. डेल्फिनानं ओल्या हातांनीच तोंड झाकून घेतलं होतं. ती थांबली तरी गाणं थांबलं नाही, तो गात होता, आणि गाता गाता कान देऊन ऐकत होता.